घरच्या ग्रुपवरचं भांडण

तीर्थरूप बाबा,
नमस्कार करते आणि आधी कान पकडते.

मी बरी आहे. प्रयोगशाळेतलं काम आता अंगवळणी पडलंय, जेवणही वेळेवर होतं. आईला तेवढं सांगा. तिच्या गुडघ्याचं कसं आहे?

जीव मात्र थाऱ्यावर नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांनी मूत्रपिंडं खराब होतात, असा मेसेज तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलात. मी सगळ्या नातेवाइकांसमोर तुम्हाला अडाणी म्हटलं. तुम्ही ग्रुप सोडलात, माझा फोन उचलत नाही, आणि आई म्हणते, गोळ्याही सोडल्यात.

चंद्रावर माणूस गेलाच नाही म्हणणाऱ्यांशी, तापमानवाढ थोतांड आहे, उन्हाळे पूर्वीही असेच होते म्हणणाऱ्यांशी मी नेटवर रोज हमरीतुमरीवर येते. तीच जीभ घरात चालवली.

काल एक आजोबा प्रयोगशाळेत रक्त तपासून घ्यायला आले. त्यांनीही तोच मेसेज दाखवला. मी त्यांना बसवलं, कागदावर मूत्रपिंड काढलं आणि वाढलेला दाबच त्याला कसा पोखरतो ते समजावलं. ते म्हणाले, "पोरी, एवढ्या शांतपणे कुणी सांगितलंच नव्हतं."

मला रडूच फुटलं. परक्या माणसाला अर्धा तास दिला, बाबा, आणि तुम्हाला एक टोमणा.

तसंच चित्र तुमच्यासाठी काढून सोबत ठेवलंय. नाही पटलं तर आपल्या डॉक्टरांना विचारा. ग्रुपवर मी सगळ्यांसमोर माफी मागितली आहे. वादात तुम्हीच जिंकलात असं धरा, पण गोळीवाचून आणखी एक दिवस काढू नका.

तुमचं भांडखोर शेंडेफळ