वीतभर आखूड

तलासरी, २ फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिका हिस आजीचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. इकडे सारे ठीक. मी सांगते, तुझी आई लिहिते. फोनवर तू हो आजी, हो आजी म्हणून सुटतेस, म्हणून हा कागद. डोळ्याचं ऑपरेशन डहाणूला करू म्हणतेस तर करू, पण नंतर महिनाभर तुझ्या खोलीवर मी राहणार नाही. दिवाळीत राहिले ते पुरे. स्टेशनावरची रातपाळी करून तू यायचीस, गल्लीकडच्या त्या जमिनीपर्यंतच्या खिडकीला चादर ठोकायचीस आणि दुपारपर्यंत घोरायचीस. घोरायचीस हे तुझी आई लिहीत नव्हती, मी लिहायला लावलं. आणि मी अंधारात, डालग्याखाली झाकलेल्या कोंबडीसारखी. आपल्या घराला खिडकी नाही, पण दार दिवसभर उघडं; आलागेला दिसतो. माणूस दिसणार नसेल तर डोळा नीट करून काय तुझी चादर बघू?

जीव तुझ्यावर आहे, खोलीवर नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझी आजी रूपी

डहाणू रोड, ९ फेब्रुवारी

ती. आजीस श्रुतिकाचा सा. न.

वि. वि. तू आली नाहीस तर डोळ्यात थेंब कोण घालणार? आईला वाडीचं काम सोडून इथे राहता येत नाही. म्हणून चादर काढली आणि ब्लाइंड्स आणले. दुकानात गुंडाळीचे होते, बांबूचे होते. मी पट्ट्यांचे घेतले. दांडी फिरवली की पट्ट्या उघडतात, मिटतात. शेजारच्या दीपेशचं ड्रिल मागून आणलं आणि मीच बसवले. वरच्या दक्षाबेन धावत आल्या, बिल्डिंग पाडतेस काय विचारायला. पहिलं भोक वाकडं गेलं, त्यावर कॅलेंडर टांगलंय.

खरी फजिती मापात झाली. आपल्याकडे दाराचा पडदा सारवलेल्या जमिनीला लागू नये म्हणून वीतभर वर ठेवतात ना, तसा माझा हात सवयीनं वरच थांबला. इथे तर फरशी. कापून दिलेला माल दुकानदार परत घेत नाही. खाली ओंगळ फट राहिली आहे, तिथे कापडाची पट्टी जोडीन म्हणते. आणि पट्ट्या उघड्या ठेवून झोपून पाहिलं, तर झोप आली नाही. रात्री खिडकीवर तिकिटं देताना पेंगले. मिटाव्याच लागतील. तुझ्या अंधाराचं काय करू, सुचत नाही. तरी ये.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी श्रुतिका

तलासरी, १४ फेब्रुवारी

चि. श्रुतिकेस आजीचे आशीर्वाद.

वि. वि. पट्टी जोडलीस तर बघ. अगं, मी खुर्चीवर कधी बसलेय? भिंतीला टेकते ती जमिनीवर, आडवी होते ती जमिनीवर. तू पट्ट्या मीट आणि खाटेवर खुशाल घोर. मला वीतभर गल्ली पुष्कळ. डोळा ढगाळल्यापासून पाड्यातली माणसं मी पावलांच्या चालीवरूनच ओळखते आहे. परवा पाड्यातला तो सुक्या आपल्या शेवग्याखाली दबकत शिरला, तर ओट्यावरून नावानं हाक मारली. शेंगा टाकून पळाला. ऑपरेशननंतर काळा चष्मा देतात म्हणे. मग मी कोणाकडे बघते तेही कुणाला कळायचं नाही.

सोमवारी येते. फटीजवळ गोधडी घालून ठेव. तुमच्या गल्लीतली पावलं मला नवीन, सुरुवातीला जरा चुकेन. हसू नकोस.

लोभ आहेच, झोपेतही असू दे.

तुझी आजी रूपी