धूर निम्म्यावरच का फुटला?

बीड, मंगळवार, संध्याकाळ

चुकलंच माझं. आज वर्गात छातीठोकपणे सांगून आले की विमानाच्या त्रिकोणी पंखावर भोवऱ्यासारखा फिरणारा हवेचा पीळ नेहमी निम्म्यावरच फुटतो. प्रयोगच दाखवला होता ना! पोरांनी वहीत उतरवूनही घेतलं.

घरी आल्यावर तोच प्रयोग पुन्हा मांडला. टेबलफॅनपुढे पुठ्ठ्याचा पंख, त्याच्या नाकाशी घरी रोज सकाळी वंदनेला लावतो त्या पुड्यातली अगरबत्ती. धूर कडेवरून वर चढला, दोरीसारखा पिळला आणि निम्म्यावर विस्कटला. पंखाचं नाक खाली केलं तरी निम्म्यावरच. असं कसं? नाक खाली केल्यावर फुटायची जागा मागे सरकायला हवी.

आई ज्वारी निवडत होती. म्हणाली, "फॅनपुढं कावून ठिवलंस? त्याचा वारा गोल फिरत येतो. आमी तसं उफणलं की भूस पुन्हा दाण्यातच पडतंय. मागून ठिव, तिकडून सरळ ओढतो त्यो."

पंख फॅनच्या मागे धरला. धुराची दोरी शेवटापर्यंत अखंड गेली! नाक हळूहळू उचललं, तशी फुटायची जागा पुढे पुढे आली. म्हणजे वर्गात मी फॅनचाच गोंधळ शिकवला. उद्या आधी ते खोडायला लावायचं. कोणत्या तोंडाने?

आई बघत होती. "सरळ चाललेला पीळ एकदम फुटतो कावून?"

तेव्हापासून त्याचंच कारण शोधत अगरबत्त्या जाळतेय. सकाळच्या वंदनेला एकच उरलीय, आणि हात तिच्याकडेच जातोय.