जामीनदार

अप्पा,

झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. गेल्या वर्षी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने स्कूटरसाठी बँकेचं कर्ज काढलं. जामीनदार म्हणून मी सही केली.
२. तो नोकरी सोडून अमेरिकेला गेला. हप्ते थांबले.
३. आपल्या घरमालकाला खोल्या परत हव्यात, म्हणून मी जे. पी. नगरात लहानसा फ्लॅट पाहिला आणि त्याच बँकेत अर्ज केला. अर्ज अडकला.
४. त्याचे थकलेले हप्ते मी भरले, पुढचेही भरते आहे. आता बँक अर्ज पुढे न्यायला तयार आहे, पण मला जामीनदार हवा.

बँकेतले अधिकारी वयस्कर, कानडी होते. माझा अर्ज बाजूला ठेवून म्हणाले, "तुम्ही इंजिनियर ना, अम्मा? सही करताना वाचलं नाही?" वाचलं होतं, प्रत्येक कलम वाचलं होतं. तरी मला वाटत राहिलं की जामीनदार म्हणजे हा माणूस चांगला आहे एवढं सांगणारा, लग्नातल्या साक्षीदारासारखा. "साक्षीदार जेवून घरी जातो, अम्मा. जामीनदाराला जाता येत नाही," ते म्हणाले. मग जरा मऊ झाले. "पत स्वल्प स्वल्प करून परत येते. हप्ता तारखेच्या आत भरा. चेक परत येऊ देऊ नका. आणि दुसऱ्यासाठी सही करण्याआधी, तो पळाला तर आपल्याला झेपेल का, ते बघा."

तुम्ही असं कधी बघितलंत का? कारखान्याच्या पतपेढीत कर्जाला दोन सोबत्यांच्या सह्या लागत, आणि कर्जदाराने हप्ता चुकवला तर तो सही करणाऱ्यांच्या पगारातून कापत. तरी पगारानंतरच्या रविवारी माणसं आपल्या स्वयंपाकघरात यायची. आई पोह्यांना फोडणी देते आहे, तुम्ही ओट्यावरच कागद पसरून सही करता. "सही आहे की तीर्थ?" आई म्हणते. "येईल त्याच्या ओंजळीत!" सगळे हसतात. मी विचारते, "आणि यांनी नाही फेडलं तर?" हसणं थांबतं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "माणसासमोर असं विचारत नाहीत." मी पुढे कुणालाच विचारलं नाही. त्या सहकाऱ्यालाही नाही.

परवा काका आले, तुमच्या शेजारच्या मशीनवर काम करायचे ते. आईने त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. "तुझ्या अप्पानं मला दोनदा सही दिली," ते म्हणाले. "आता माझी पाळी. माझं घर माझ्या नावावर आहे, बँकेला आणखी काय पाहिजे?"

"भावजी, निवृत्तीचे सगळे पैसे त्या घरात घातलेत तुम्ही," आई म्हणाली.

"सरी, असू दे, वहिनी, चहा टाका. पोरगी काय अमेरिकेला पळणार आहे?"

आई हसली. मला हसता आलं नाही. मी पळणार नाही, पण आमच्याकडे काम संपलं की माणसं कमी करतात. गेल्या महिन्यात माझ्या समोरचं टेबल रिकामं झालं. हल्ली वरिष्ठांनी नुसतं आत बोलावलं तरी मला काकांचं दार दिसतं आणि दाराशी बँकेचा माणूस. मी पगार, भाडं, हप्ता, सगळं मांडून पाहिलं. नोकरी आहे तोवर गणित बरोबर येतं. ती गेली तर काय, या ओळीपुढे मला काही लिहिता येत नाही.

घर मिळालं नाही तर आईला घेऊन कुठे जायचं, हेही ठाऊक नाही. ती स्वयंपाकघरातले डबे गोणीत बांधायला लागली आहे.

तुम्ही गेलात तिथे हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते मला कळतं. मी इतकी घाबरले आहे हे आईसमोर कबूल करता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. सोमवारी सकाळी काका बँकेत येणार आहेत. त्यांना सही करू द्यावी की नाही, ते कृपा करून रविवारपर्यंत कळवा.