फैलाका बेटावरची हरणं

प्रिय वैशाली,

काल आपल्या ईशाला फैलाका बेटावर नेऊन आणलं. "एकदा तरी न्या हो," म्हणून तू किती वर्षं मागे लागली होतीस, आणि मी रिफायनरीतल्या शिफ्टचं तुणतुणं वाजवत राहिलो! तिथे जे झालं ते सांगायला आखातातल्या या सलव्याच्या फ्लॅटमध्ये दुसरं आहे कोण? म्हणून तुलाच लिहितोय.

सालमियाच्या धक्क्यावरून बोटीत बसलो. ईशा वाटभर गप्प. तू गेल्यापासून अशीच आहे. मराठीत काहीही विचारा, उत्तर एकच, "आय ॲम फाइन, बाबा." दहा वर्षांच्या पोरीनं इतकं फाइन असावं का गं?

बेटावर हजारो वर्षांपूर्वीचे अवशेष आहेत, आणि जवळच पंधरा वर्षांपूर्वीच्या युद्धात गोळ्यांनी चाळण झालेली घरं. तिथली माणसं परत राहायला आलीच नाहीत. आता हरणं, शहामृग, उंट ठेवून छोटंसं प्राणिसंग्रहालय केलंय. तुला आवडलं असतं कदाचित. मला नाही आवडलं. माणसं उठली आणि जनावरं कुंपणात आली, त्यात बघायचं काय!

एक हरीण मागचा पाय उचलून लंगडत होतं. ईशा जाळीला चिकटून त्याच्याकडेच बघत राहिली. मी भाजलेलं कणीस आणून दिलं. एक घास घेतला आणि तिने गाल दाबून धरला.

"दात दुखतोय का?"

"इट्स ओके, बाबा." मग कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "सुट्टीत दाखवू."

मी तिच्या हातातलं कणीस काढून घेतलं.

तुझं वाक्य हे! तुझं कशाला, इथल्या आपल्या सगळ्यांचंच. दात, चष्मा, गुडघे, सगळं जुलैच्या सुट्टीपर्यंत राखून ठेवायचं. नाशिकला आपला डॉक्टर, आपली भाषा. पण छातीतली गाठ कुणी राखून ठेवतं का, वैशाली? फेब्रुवारीत हाताला लागली होती तुला. एका शब्दानं बोलली नाहीस! बॅगा भरल्यास, आईंसाठी बदाम घेतलेस. "इतका उशीर का केलात?" असं नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा माझ्याकडे बघून चक्क हसलीस. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. खरंच येतो.

आज सकाळी उठल्या उठल्या ईशाला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. दाढ पार किडलेली, काढावीच लागली. कधीपासून दुखतंय, असं त्यांनी विचारलं.

"सिन्स आई," ती म्हणाली.

परतताना गाडीत विचारलं, "बाळा, आणखी कुठे दुखतंय का?" तिने नाही म्हणून मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. माझा विश्वास बसला नाही.

मी तिला रोज विचारीन, हे वचन तुला देतो. ती सांगेल, याचं वचन मी कुठून देऊ?

तुझा,
सतीश