भाटघरच्या पाण्यात दोनदा

भोर,
बुधवार, दुपार

प्रिय सखूताई,

आधी चष्मा लाव आणि नीट टेकून बस. दाजींनी विचारलं तर बनाचं पत्र आहे एवढंच सांग आणि आतल्या खोलीत जा. फोन केला असता, पण फोनवर तू बरं बरं म्हणून ठेवून देतेस, आणि ही गोष्ट बरं बरं म्हणण्यातली नाही. ताई, मी सांगून टाकलं. भाटघर धरणाच्या पाण्यात माझ्या नावाने बाप्तिस्म्याला तू उतरली होतीस, मी नाही, हे काल मी आमच्या पाळकसाहेबांना सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, दुसरं कोणी उतरलं एवढंच मी म्हणाले. पण मला बहीण एकच, आणि स्वरूप पाळक वयाने लहान असले तरी दुधखुळे नाहीत. आता येत्या रविवारी सगळ्या मंडळीपुढे ते बोलायचं आहे, आणि त्यासाठी मला तुझा होकार हवा आहे.

तू म्हणशील, कसली गोष्ट गं, मला काही आठवत नाही. तर मीच आठवण करून देते, कारण इतक्या वर्षांत आपण दोघींनी ती एकदाही तोंडाने उच्चारलेली नाही. मी बारा वर्षांची, तू पंधराची. विंझरहून पहाटेच निघालो होतो, आईने दोघींना पांढऱ्या साड्या नेसवल्या होत्या आणि माझी सारखी पायात येत होती. सावळाराम पाळक कमरेइतक्या पाण्यात उभे होते. चष्मा भिजू नये म्हणून त्यांनी तो आपल्या बाबांच्या खिशात ठेवायला दिला होता. सगळ्यात आधी तो पैलवानासारखा भिमा उतरला. वर आला तो खोकत, नाकातोंडातून पाणी गाळत, डोळे पांढरे करून! झालं, माझी बोबडीच वळली. तू गेलीस, बुडालीस, हसत वर आलीस. माझा नंबर शेवटचा. मी आडोशाला धरलेल्या चादरीमागे मटकन खाली बसले आणि तुझा पाय धरला, मला मारलंस तरी मी जायची नाही म्हणून.

आणि तू काय केलंस? डोळ्यांवर पदर ओढलास आणि पुन्हा पाण्यात शिरलीस. काठावर सगळे डोळे मिटून गात होते, आई चादर धरून वाऱ्याशी भांडत होती, बाबांचा सूर तर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या वर. पाळकांनी नाव विचारलं, आणि तू माझं सांगितलंस. चष्म्याशिवाय त्यांना काय दिसणार! बाहेर येऊन तू लोटाभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलंस, केस मोकळे केलेस आणि झालं म्हणालीस. नोंदवहीत आपली दोघींची नावं एकाखाली एक चढली. दुपारी घरी आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं गं? तू सांगितलंस, आधी कानात गच्च झालं, मग वर आल्यावर सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

ते तुझं वाक्य मी चोरलं, ताई. तीस वर्षं बाप्तिस्म्याचा वर्ग घेते आहे, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, मावशी, तुम्हाला काय वाटलं होतं? मी तुझं कान गच्च होणं आणि तुझं स्वच्छ ऐकू येणं आपलं म्हणून सांगते. लोक माना डोलावतात. अंगणवाडीत लेकरांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत हे असं. गोरखलासुद्धा, सख्ख्या नवऱ्याला, बोलले नाही कधी. तो बिचारा शेवटच्या आजारपणात म्हणायचा, बना, तुझ्यासारखा विश्वास मला का न्हाई गं? आणि मी मूग गिळून त्याच्या पायांना तेल चोळत बसायचे. ते अजून सलतं.

यंदा वर्गात सहाजण आहेत. त्यात शेफाली म्हणून एक पोर आहे, एकोणीस वर्षांची, जिभेला हाड नाही, कॉलेजला जाते. तिसऱ्या रविवारी शिकवणं चालू होतं की तारण पाण्याने होत नाही, आपल्या चांगुलपणानेही नाही, ते देवाचं फुकटचं देणं आहे आणि विश्वासाने हात पुढे करायचा एवढंच आपलं काम. मग बाप्तिस्मा कशाला, म्हणाली. मी म्हटलं, आतून जे झालं ते चारचौघांत कबूल करायला. लग्न मनात ठरलं तरी मांडवात उभं राहावं लागतं की नाही, तसं. तर पोरगी मांडी घालून बसली आणि म्हणाली, मावशी, मला पाण्याची लई भीती वाटते, मी नुसतं मनातच कबूल केलं तर? तुम्ही भ्याला नव्हता का? इतकं सरळ आजवर कोणी विचारलं नव्हतं. तुझं वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. मी पाणी प्यायले, खोकल्याचं निमित्त केलं आणि वर्ग लवकर सोडला.

काल दुपारी स्वरूप पाळक चर्चमागचा हौद घासत होते. आता भाटघरला जावं लागत नाही, सिमेंटचा हौद बांधला आहे, टँकरने भरतात. मी काठावर बसून त्यांना पावडर देत होते. रिकाम्या हौदाची मला भीती नाही, पाणी बादलीच्या पलीकडे गेलं की मी चार पावलं मागे सरते. बोलता बोलता बोलूनच गेले. त्यांचा खराटा थांबला. चष्म्याचं सांगितलं तेव्हा त्यांना हसू आवरेना, लोट्याचं सांगितलं तेव्हा तर ते हौदात खालीच बसले. मग उठून त्यांनी खराटा बाजूला ठेवला. मला वाटलं, आता विचारणार, बाप्तिस्मा नसताना इतकी वर्षं प्रभुभोजनाची भाकर कोणत्या तोंडाने घेतलीत. पण विचारलं काय, तर मावशी, तुम्ही विश्वास कधी ठेवलात? मी म्हटलं, तारीख-वार नाही सांगता यायचा. पण गोरख गेला तेव्हा वर्षभर मी देवाशी भांडत होते, रोज, भांडी घासताना, मोठमोठ्याने. आणि ज्याच्याशी भांडत होते तो तिथे होता, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. ते म्हणाले, प्रभूशेजारी वधस्तंभावर होता, ज्याला प्रभूने स्वर्गाचं वचन दिलं, त्या चोराला कोणत्या पाण्यात बुडवलं होतं? तुमच्या तारणाला धक्का नाही, मावशी. राहिलंय ते फक्त चारचौघांत उभं राहणं.

हे मीच शिकवते गं तीस वर्षं! पण दुसऱ्याच्या तोंडून स्वतःसाठी ऐकलं तेव्हा पदराने डोळे पुसायची वेळ आली.

त्यांनी दोन वाटा ठेवल्या. दार लावून, एखाद्या आडवारी, चारजणांत बाप्तिस्मा उरकायचा. किंवा रविवारी बाकीच्यांबरोबर. खोटं कशाला बोलू, पहिली वाट ऐकून आधी जीव भांड्यात पडला. मग शेफाली आठवली. मी लपूनछपून बुडायचं आणि त्या पोरीला उजेडात उभं राहा म्हणायचं? मी रविवार सांगितला. संध्याकाळी मंडळीचे पंच बसले. एकजण तापला, नोंदवही म्हणजे काय पोरखेळ आहे, बाईंना वर्गावरून काढा म्हणाला. त्याचं चुकलं असंही नाही. शेवटी ठरलं की रविवारपर्यंत मी शिकवायचं नाही, शिकायचं. सातवी विद्यार्थिनी! प्रश्न शेफाली विचारणार. आज सकाळी भाजी घेताना भेटली तर म्हणते कशी, मावशी, पाठ झालं का? नाहीतर नापास करीन. अशी आगाऊ! पण जाताना हात दाबून म्हणाली, तुमी उतरला तर मी बी उतरते.

आता खरं सांगते. शेफालीचा प्रश्न निमित्त झाला. त्याच्या आठ दिवस आधी तुझ्या सुनेचा मिरजेहून फोन आला होता. छातीचं दुखणं झाल्यापासून आईंचं काहीतरी बिनसलंय, म्हणाली. चर्चमध्ये प्रभुभोजनाचं ताट आलं की शेजारणीकडे सरकवतात. तीन महिने झाले. बाबांनी, म्हणजे दाजींनी, विचारलं तर रडल्या आणि म्हणाल्या, मला हक्क नाही, मी देवापुढे खोटं बोलले आहे. काय ते सांगत नाहीत. मावशी, तुम्हाला काही ठाऊक आहे का? मी नाही म्हटलं आणि फोन ठेवून भिंतीला डोकं टेकलं. ताई, माझ्यासाठी बोललेलं खोटं तू या वयात, या दुखण्यात, एकटीने उराशी धरून बसलीस! अगं वेडे, भ्याले मी होते. पाय मी धरला होता. माझी तीस वर्षांची लबाडी ज्या देवाने पोटात घातली, तो पंधरा वर्षांच्या पोरीच्या मायेपाशी अडून बसेल होय? तूच पाळकाची बायको, तूच शेकडो बायकांना हे सांगितलंस, आणि स्वतःपुरतं तेवढं विसरलीस. म्हणून हे पत्र. पत्र हाती पडताच दाजींना सगळं सांग, ते रागावणार नाहीत, आणि रागावले तर मी आहे. शनिवारी दोघं निघा, कापूरहोळला उतरा, मी तिथे गाडी घेऊन थांबते. रविवारी तुला हौदाच्या कडेला पहिल्या खुर्चीवर बसवणार आहे. मी पुन्हा मटकन खाली बसले, तुझा पाय धरला, तरी तू जागची हलायचं नाहीस. पाळक नाव विचारतील, ते या वेळी माझं मी सांगेन.

तुझीच, अजूनही पाण्याला भिणारी,
बना