उकळलेली हाडं

सोमवार, ३ फेब्रुवारी

मिळाली एकदाची तारीख! पुढच्या सोमवारी, दहाला, नणंदबाईंचं ऑपरेशन. कण्यात सहा स्क्रू. आणि स्क्रूसाठी भोकं पाडणार आमच्या यंत्राने — माणसावर पहिल्यांदाच.

आमच्या म्हणते मी! प्रयोगशाळेत झाडणं-पुसणं, खाटकाकडून हाडं आणणं, धुणं, शिकंज्यात बसवणं, एवढाच माझा वाटा. पण तीन वर्षं रोज बघतेय. ड्रिलच्या टोकाशी एक बारीक नळी असते. ती हाडात पुढे आवाज सोडते — आपल्याला ऐकू न येणारा — आणि तो कसा परत येतो त्यावरून पुढे हाड किती उरलंय ते ओळखते. संपत आलं की पीप! हात थांबवायचा. कारण पलीकडे मज्जारज्जू. तिथे टोक घुसलं की माणूस पुन्हा उभा राहत नाही.

नणंद तयार नव्हती. "बळीचा बकरा मीच का, वहिनी?" मीच गळ घातली. माझ्यासमोर तीनशे भोकं पाडलीत, एकदाही चुकलं नाही, म्हटलं. तेव्हा सही केली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चष्मेवाल्या इंजिनिअरनी एक कागद दिला. "मावशी, पेशंटला द्यायचं पत्रक लिहिलंय. वाचून बघा. तुम्हाला कळलं म्हणजे जगाला कळलं." हा मान की टोमणा, ते ठरेना. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं सगळं आधी रद्दीतून, मग लायब्ररीतून. उद्या निवांत वाचेन.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तिसरी ओळ. "हे यंत्र ताज्या, ओल्या हाडांवर तीनशे वेळा तपासलेले आहे."

ताज्या. ओल्या.

मी ती उकळते!

खाटकाकडून येतात तेव्हा त्यांना मांस, रक्त, चरबी. पहिल्याच आठवड्यात मला घेरी आली होती. तेव्हापासून सोडा घालून दोन तास उकळते, घासते, उन्हात वाळवते. पांढरीशुभ्र होतात. इंजिनिअर म्हणायचे, "मावशी, तुमच्या हातची हाडं म्हणजे मोती!" ते वायरीतले माणूस. हाड पुस्तकात पांढरं, इथेही पांढरं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फक्त पडद्यावरच्या रेषा दिसतात. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आमचे हे सुतार होते. ओल्या लाकडात गिरमिट वेगळं बोलतं, वाळक्यात वेगळं, असं म्हणायचे. भोक आरपार जायला किती उरलंय ते नुसतं ऐकून सांगायचे. मी मागून दुसरी फळी धरून बसायची. हाडाचंही तसंच असेल तर? हे असते तर लगेच सांगितलं असतं. जाऊन चार वर्षं झाली, अजून काही अडलं की विचारायला मान वळते.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गप्प बसले. दिवसभर.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज हाड उकळलंच नाही. लालसर, बुळबुळीत, तसंच शिकंज्यात बसवलं. इंजिनिअरनी नाक मुरडलं. "मावशी, आज आंघोळ नाही घातलीत?" म्हटलं, एकदा भोक पाडा तर खरं.

ड्रिल चाललं. चाललं. टोक पलीकडून बाहेर आलं — आणि मग पीप!

मग मी बोलले. सोडा, दोन तास, ऊन, सगळं. इंजिनिअर मटकन स्टुलावर बसले. "तीन वर्षं, मावशी! तीन वर्षं!"

डॉक्टरीणबाई आल्या. मला वाटलं, संपली नोकरी. त्यांनी हाड उचलून बघितलं. "आम्ही एकदाही हे हातात घेतलं नाही. तुमच्या एकटीची चूक नाही." मग म्हणाल्या, "आता दोनच मार्ग. सोमवारीच करायचं, पण जुन्या पद्धतीने, हाताच्या अंदाजाने. तिचं हाड फार बारीक आहे, मला धीर होत नाही. नाहीतर दोन आठवडे अंथरुणात पडून थांबायचं, यंत्राला नव्याने शिकवायचं." पण थांबलं तर पायाकडे जाणारी शीर दबत राहणार. म्हणून रोज पायाला टाचणी टोचून बघायची, तिला डोळे मिटायला लावून. "कळलं नाही तर त्याच दिवशी उचलून आणा. मग यंत्राची वाट बघायची नाही."

शनिवार, ८ फेब्रुवारी

नणंदेला सांगितलं. आधी पोट धरून हसली. "हाडं उकळलीस! वहिनी, सूप करायचं होतं का?" मग शिलाई मशीनकडे बघत राहिली. पायाचं मशीन आहे, त्यावरच तिचं सगळं. म्हणाली, "अंदाजाने नको. थांबू या. शिकू दे तुझ्या यंत्राला."

संध्याकाळी तिच्याच डबीतली टाचणी घेतली. डोळे मीट म्हटलं तर चादर तोंडावर ओढून पडली. दहा वेळा टोचली, दहाही वेळा "टोचलं!"

बुधवार, १२ फेब्रुवारी

साठ हाडं, सगळी कच्ची. आता घेरी येत नाही, यायला सवडच नाही. पीप अजून उशिराच वाजतं, पण आधीपेक्षा कमी उशिरा. इंजिनिअर जेवत नाहीत, नुसते आकडे बदलतात. माझ्याशी बोलतात, पण मोती म्हणत नाहीत.

टाचणी: टोचलं, सगळ्या वेळा.

रविवार, १६ फेब्रुवारी

एकदा जरा उशिरा म्हणाली. का गं, म्हटलं. "अगं, शिंक येत होती."

पुन्हा टोचली. टोचलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आकडे जुळल्यापासून ओल्या हाडांत दोनशे भोकं, दोनशे वेळा वेळेवर पीप! इंजिनिअरनी टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं रडतायत. झोपले होते.

पत्रकही बदललं. आधी काय चुकलं होतं ते त्यात लिहिलंय. नणंदेने सगळं वाचून पुन्हा सही केली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पाच तास बाकावर बसून होते. चौथ्या भोकाला यंत्र अपेक्षेपेक्षा फारच लवकर वाजलं म्हणे. डॉक्टरीणबाई थांबल्या. हाड तिथे कागदाएवढं उरलं होतं, फोटोत दिसलंच नव्हतं. टोक तिरकं करून दुसरी वाट काढली. "अंदाजाने गेले असते तर..." सहा स्क्रू, सहाही जागच्या जागी.

घरी येऊन भाताचं पातेलं पुढ्यात घेतलं आणि ढसाढसा रडले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

उजवा पाय हलतो. डावं पाऊल हलत नाही. आधी सुजेमुळे म्हणत होते. आज डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. "स्क्रू बिनचूक आहेत. पण ती शीर आधीच गेलेली आहे. दहा-बारा दिवस तरी झाले असतील. टाचणी रोज टोचत होतात ना?"

टोचत होते! रोज! देवाशपथ, एक दिवस चुकवला नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

विचारलं तिला. छताकडे बघत म्हणाली, "पहिले दोन दिवस कळत होतं. मग नाही. विरलेली चादर ती, सगळं दिसायचं. तुझा हात खाली आला की म्हणायचे, टोचलं."

का गं? का?

"सांगितलं असतं तर त्याच दिवशी अंदाजाने केलं असतं. आणि काही बिघडलं असतं तर तू जन्मभर मनातल्या मनात ती हाडं धूत बसली असतीस, वहिनी. आता पाय माझा आणि खोटंही माझंच."