शनिवारचा चिंचोका

शुक्र. ३१ मे १९८५
आज गल्लीत साखर वाटली. ग्यानबा सांगत आला, सोमवारपासून दिल्लीवाल्या हापिसांना शनिवारी बी सुट्टी, त्याच्या हापिसाला बी. माझा लेक आठवड्यात दोन दिवस घरी! सुमी बापाच्या पाठीवरून उतरेना. सून म्हणली, आत्याबाई, जरा दमानं. मला कुठला दम. शेजारच्या शांताबाईला दोन चिमट्या जास्ती दिल्या, तिच्या जावयाला मिलमध्ये कुठली असली सुट्टी. (ग्यानबाला आता नुस्तं ग्या. लिहीन, हात दुखतो.)

सोम. ३ जून
ग्या. जल्दी गेला. हापिस आता लवकर उघडतं, उशिरा बंद होतं. मडक्यात चिंचोका टाकला. भरल्या दिवसाला एक, गेल्या दसऱ्यापासून. वर्षाचे दिवस भरले की ग्या.सारख्या पाणी भरणाऱ्याचं नाव बी कायम करायला वर पाठवतात, असं हापिसातले बडे बाबू म्हणले होते.

शनि. ८ जून
पहिला शनिवार. ग्या. सुमीला सायकलवर स्टेशनला घेऊन गेल्ता, मालगाडी दाखवायला. लेकराला दहाच्या पुढं येत न्हाई, डबे परत एकपासून मोजले म्हणे. मी धपाटे केले. सांजच्याला मडकं काढलं तर ग्या. म्हणतो, "आई, आज न्हाई टाकायचा."
"का रे?"
"मी रोजावर. कायमवाल्यांना सुट्टी, मला खाडा. असे दिवस भरायचे न्हाईत दसऱ्यापर्यंत."
धपाटा हातातच राह्यला. आणि मी साखर...

शुक्र. २१ जून
हापिसात गेल्ते, घरी न सांगता. बडे बाबू माणूस चांगला, खुर्ची दिली. म्हणले, "मावशी, शनिवारी दाराला कुलूप. त्यानं कुलपाला पाणी पाजायचं का?" मला हसूच आलं, यायला नको होतं. मंग म्हणले, "पाच दिवसांच्या हापिसात किती दिवस धरायचे, ते वरून कागद आल्यावर कळंल." कधी येतो? वर बोट केलं. वर पंखा होता.

शनि. २० जुलै
ग्या. बियाण्याच्या गोदामात शनिवारचं काम विचारून आला. एका दिवसाचा माणूस नको, यायचं तर सहा दिवस ये. हापिस सोडलं तर आजवर भरलेले दिवस वाया. सुनेनं दोन घरची धुणी धरली. शांताबाई नळावर म्हणली, "साखर वापस देऊ का गं?" म्हणलं, ठेव, कागद आल्यावर लागंल.
खरं लिहू? दुपारी ग्या. सुमीला पाटीवर आकडे शिकवून राह्यला होता. मी चुलीपाशी बसून बघत होते. इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

शनि. ५ ऑक्टोबर
दसरा तोंडावर. कागद न्हाई. ग्या.नं मडकं ओतून चिंचोके मोजले. हापिसातल्या हजेरीपेक्षा जास्त! परत मोजले. मंग सुमीकडं बघितलं.
"शनिवारचे मी टाकले," ती म्हणली. "तुम्ही मला आकडे शिकवले, ते काम न्हाई का?"
ग्या. हसला. किती दिवसांनी. जादाचे काढायला हात घातला, पण शनिवारचा कोणता, कसा वळखावा? सगळे परत मडक्यात लोटले. सोमवारी पुन्हा विचारतो म्हणला, कागदाचं.
"आजी, आजचा?" सुमी मूठ पुढं करून उभी. ग्या.कडं बघितलं. तो पाठ करून सायकलला हवा भरत होता.
टाक म्हणलं.